वैनगंगेच्या खोऱ्याचे धरणीकंप व जुन्या दप्तरांची साक्ष

गोंदिया जिल्ह्यांतील आमगांव हें नांव इतिहासाच्या ग्रंथांपेक्षां भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत अधिक वेळां येतें. त्या परिसरांतील पट्टेदार, कठीण खडकास शास्त्रज्ञ ‘आमगांव पट्टिताश्म’ म्हणतात व त्याचें वय सुमारें अडीचशें कोटि वर्षें मानितात. इतक्या जुन्या व घट्ट बसलेल्या भूमीस धरणीकंपाचें भय नाहीं, अशी समजूत लोकांत रूढ आहे. ती कितपत खरी आहे हें ठरविण्याचें एक साधन आमच्या वाचकांच्या संग्रहांतील रुमालांत असण्याचा संभव आहे. म्हणून या विषयाचा येथें विचार करीत आहों.

पृथ्वीच्या कवचाचे मोठे भूपट्ट जेथें एकमेकांस भिडतात तेथें बहुतेक भूकंप होतात. हिंदुस्थानचा भूपट्ट वर्षास सुमारें ५ सेंटिमीटर या गतीनें उत्तरेकडे सरकतो व हिमालयापाशीं अडतो. परंतु हा रेटा सीमेवरच संपत नाहीं. तो सबंध द्वीपकल्पांत पसरतो. भिंतीस टेकवून रेटलेली फळी पूर्वींच्या सांध्यापाशींच उकलते, तसेंच येथें घडतें. ज्या भेगेच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांस घासून सरकले आहेत तिला भ्रंश म्हणतात. असे भ्रंश कोट्यवधि वर्षें निजल्यासारखे राहून एखादे दिवशीं पुन्हां हलतात. गोंदियाच्या उत्तरेस नर्मदा व शोण यांच्या खोऱ्यांचा प्रसिद्ध भ्रंशपट्टा आहे. त्याच्या अलीकडे, बालाघाटच्या बाजूनें, मध्य-भारतीय कर्तनपट्टा जातो. बस्तर व बुंदेलखंड येथील दोन प्राचीन भूखंड त्याच्या आसपास जोडले गेले असें मानितात. दक्षिणेस गोदावरी-प्राणहितेची खचलेली दरी आहे. या दोन दिशांच्या जुन्या सांध्यांमध्यें हा जिल्हा वसला आहे.

हे सांधे निर्जीव नाहींत. २ जून १९२७ रोजीं शोणेच्या खोऱ्यांत ६.५ परिमाणाचा भूकंप झाला. १४ मार्च १९३८ रोजीं सातपुड्यांत सहाहून अधिक परिमाणाचा झाला. २५ ऑगस्ट १९५७ रोजीं शेजारच्या बालाघाट परिसरांत ५.५ परिमाणाचा झाला. २२ मे १९९७ रोजीं जबलपूरनजीक जो ५.८ परिमाणाचा झाला, त्याचा उगम जमिनीखालीं सुमारें ३५ किलोमीटर होता. दक्षिणेस १३ एप्रिल १९६९ रोजीं भद्राचलम व ४ डिसेंबर २०२४ रोजीं मुलुगू येथें धक्के झाले. पैकीं दुसरा गडचिरोली, चंद्रपूर व नागपूर येथेंहि जाणवला.

तथापि सर्वांत मोठा धडा मराठवाड्यानें दिला. किल्लारीचा परिसर १९९३ पर्यंत भूकंपक्षेत्रांच्या नकाशांत पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धास्त अशा क्षेत्रांत गणला जाई. तेथें ६.२ परिमाणाचा भूकंप होऊन दगडमातीच्या जाड भिंतींखालीं सुमारें दहा हजार माणसें मेलीं. २००२ सालीं तें पहिलें क्षेत्रच रद्द करून दुसऱ्यांत मिळविण्यांत आलें. (कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाची गोष्ट निराळी, त्यास जलाशयाचें निमित्त झालें असें शास्त्रज्ञ मानितात.)

नकाशा चुकला कां, हें पाहिलें पाहिजे. असे नकाशे बहुतांशीं माहीत असलेल्या भूकंपांवरून काढिले जात. थॉमस ओल्डहॅम याची हिंदी भूकंपांची यादी १८८३ सालीं छापली गेली व पुढील यादींस तिचाच आधार झाला. ज्या मुलखांत इंग्रजी छावणी किंवा वर्तमानपत्र नव्हतें, तेथील धक्का तिच्यांत येण्याचा संभव थोडाच. उलट भूपट्टाच्या मध्यभागीं एकच भ्रंश पुन्हां हलण्यास हजारों वर्षें लागूं शकतात. दीडदोनशें वर्षांच्या यादींत एखाद्या जागेची नोंद नसणें म्हणजे तेथें भूकंप होत नाहीं, असें मुळींच नव्हे.

यंत्रांपूर्वींचा काळ कसा शोधावा याचें उदाहरण किल्लारीच्या वायव्येस असलेल्या तेर येथें, म्हणजे प्राचीन तगर नगरींत, सांपडतें. सी. पी. राजेंद्रन व कुसला राजेंद्रन यांनीं तेथील तेरणाकांठच्या गाळाचे विस्कटलेले थर तपासून सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं तेथें भूकंप झाला असावा असें अनुमान काढिलें. एरव्हीं असे थर पुराचे म्हणून सोडून दिले जातात.

आतां लेखी पुराव्याविषयीं. धरणीकंपाची नोंद बखरीच्या मुख्य कथेंत क्वचितच मिळावयाची. ती पंचांगाच्या समासांत, शकावलींत, पोथीच्या शेवटच्या पानावर किंवा देवळाच्या खर्चाच्या यादींत पाहावी. ती वाचतांना कालगणनेकडे विशेष लक्ष हवें. किल्लारीचा भूकंप गुरुवार, ३० सप्टेंबर १९९३, पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं झाला. सूर्योदयापासून वार मोजणारा लेखक तोच प्रसंग शके १९१५, श्रीमुखनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, बुधवार, सहा घटिका रात्र उरली असतां, असा लिहील. दोन नोंदींत एका दिवसाचा फरक दिसला म्हणून दोन भूकंप मानूं नयेत. तसेंच इंग्रजी सालांतून सरसकट ७८ वजा करणें धोक्याचें: १९३८ चा सातपुड्याचा भूकंप पाडव्यापूर्वीं, फाल्गुनांत झाल्यामुळें शके १८५९ मध्यें पडतो. भोसल्यांच्या राज्यांतील कागदांत फसली व शुहूर सनहि येत असल्यानें ही सावधगिरी येथें अधिकच हवी.

दुसरी गोष्ट अंतराची. द्वीपकल्पाच्या जुन्या, घट्ट खडकांतून भूकंपाच्या लाटा फारशा न विरतां दूरवर जातात. १६ जून १८१९ चा कच्छचा भूकंप कलकत्त्यापर्यंत जाणवला, व सुमारें ३०० किलोमीटरांवरील अहमदाबादच्या जामा मशिदीचे मनोरे त्यानें पाडले. म्हणून एखाद्या कागदांत ‘भुई हालली’ एवढेंच असल्यास तो धक्का तेथलाच होता असें ठरवूं नये. भांडीं वाजलीं, विहिरीचें पाणी उसळलें, कीं भिंत पडली, आणि त्याच रात्रीं दुसऱ्या गांवीं काय झालें, हें जुळवावें. केवळ मोठा आवाज झाल्याची नोंद असेल तर ती उल्कापाताचीहि असूं शकेल.

गोंदियाच्या बाबतींत शोधाची जागा कामठा, प्रतापगड व लांजी या जुन्या ठाण्यांचे कागद, जमीनदारी व मालगुजारीचीं दप्तरें ही होय. कोहळी लोकांनीं बांधिलेल्या तलावांचा या भागांत मोठा पसारा आहे, नवेगांवबांध त्यांपैकींच. तलावाची पाळ कोणत्या सालीं फुटली, त्या वर्षीं पाऊस किती होता, दुरुस्तीस गांवानें काय दिलें, हें अशा दप्तरांत नोंदलें जाण्यासारखें आहे. पाळ पुरानेंच बहुधा फुटते. पण कोरड्या महिन्यांत एकाच सुमारास अनेक पाळींस तडे गेल्याचें दिसलें तर तो कागद बाजूस काढावा. नक्कल करितांना तिथि-वार दुरुस्त करूं नयेत, खाडाखोड जशीच्या तशी दाखवावी, व नोंदीच्या मागच्यापुढच्या चारचार ओळीहि उतरून घ्याव्या. शाई व हात एकच आहे कीं नाहीं हें त्यांवरूनच कळतें.