मुंबई ते काठमांडू : अंतर आणि वेळ

पालकसभेत धम्मयात्रेचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘गुरुजी, विमानानं नेपाळ किती लांब?’ तिकीट विकणारा सांगतो, पावणेतीन तास. उत्तर खोटे नाही. पण त्यावर विसंबून मजुरी बुडवणारा माणूस फसतो. म्हणून हा हिशेब येथे मांडत आहोत.

मुंबई ते काठमांडू सरळ हवाई अंतर सुमारे १६०० किलोमीटर आहे. दिल्लीहून हेच अंतर सुमारे ८१५ किलोमीटर भरते. विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाते, मग दोन तास का पुरत नाहीत? उड्डाण आणि उतरण यांत वेग कमी असतो. विमानाला ठरलेल्या हवाई मार्गानेच जावे लागते. शिवाय काठमांडूचे विमानतळ डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, १३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. गर्दी वा धुके असल्यास विमान आकाशात घिरट्या घालीत राहते.

घड्याळाची गंमत निराळीच. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे. जाताना पावणेतीन तास लागले, तर सकाळी १० ला निघालेले विमान तेथील घड्याळात दुपारी १ ला पोहोचते. परतताना पश्चिमेकडून येणारा वारा समोरून लागतो आणि प्रवास बहुधा लांबतो. समजा, तीन तास लागले. तरी २ ला निघालेले विमान मुंबईत पावणेपाचलाच उतरते! तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकी केल्यास लांबलेला प्रवासच छोटा दिसतो. आमच्या विद्यार्थ्यांना रेखावृत्ते शिकविताना हे उदाहरण आम्ही आवर्जून देतो.

आता धाराशिवपासून मोजू. मुंबईपर्यंत रात्रभराची एसटी, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, मग उड्डाण. काठमांडूहून लुंबिनी रस्त्याने आणखी एक संपूर्ण दिवस. म्हणजे घर सोडल्यापासून तिसऱ्या दिवशी अशोकस्तंभाचे दर्शन. लुंबिनीजवळ भैरहवा येथे २०२२ पासून आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. पण केवळ लुंबिनीच पाहावयाची असेल, तर रेल्वेने गोरखपूर आणि तेथून सोनौली सीमेमार्गे जाणे आम्हांस अधिक परवडणारे वाटते.

आमच्या अनेक घरांना काठमांडू हे नाव नकाशातून नव्हे, एका प्रवासातून कळले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर दीक्षेनंतर महिन्याभरातच, प्रकृती ढासळलेली असताना, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले. यापूर्वी १९५० मध्ये श्रीलंकेस आणि १९५४ मध्ये रंगूनलाही ते याच कार्यासाठी गेले होते. काठमांडूत २० नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करणारे भाषण केले. त्यानंतर सोळाव्या दिवशी महापरिनिर्वाण झाले. प्रवासाचा शीण म्हणजे काय, हे त्या तारखाच सांगतात.

शेवटी कागदपत्रांविषयी. नेपाळला व्हिसा लागत नाही. परंतु विमानाने जाणाऱ्या ६५ वर्षांपर्यंतच्या प्रौढ भारतीयाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवे. केवळ आधार कार्डावर निघालेली एक वृद्ध उपासिका मतदार कार्ड घरच्या पेटीत ठेवून आली होती. तिची आयुष्यभराची बचत विमानतळाच्या दारातच अडली, हे आम्ही पाहिले आहे. १५ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यास मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेला ओळख दाखला चालतो. तो मागण्यासाठी पालकांनी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी कार्यालयात यावे.