आधी खेळू दे

सकाळी साडेआठ. कोलाडहून रोह्याच्या रस्त्याला लागलं की धाटाव. महिन्यातून एकदा इथे मैत्रिणीच्या दवाखान्यात मी फक्त मुलांचे हात तपासते. एमआयडीसीतली रात्रपाळी करून थेट आलेले वडील बाकावर पेंगत असतात. त्यांची मुलं आधी घेते, म्हणजे त्यांना घरी जाऊन झोपता येतं.

नऊ. दीड वर्षाची मुलगी. मधलं बोट आणि अनामिका जन्मापासून जोडलेली. जुळलेल्या बोटांत हीच जोडी सर्वांत जास्त आढळते. मी तिचा हात धरत नाही. चटईवर कुरमुरे, बाटल्यांची झाकणं, चेंडू ठेवलेत. ती काय कुठल्या बोटांनी उचलते, कुठला हात पाठीमागे नेते, ते बघत बसते. दाबून धरलेल्या, रडणाऱ्या मुलाच्या हातावरून फारसं काही कळत नाही.

आजी विचारते, "मॅडम, ग्रहणात हिनं भाजी चिरली, म्हणून झालं ना?" सुनेची मान खाली.

"नाही आजी. पोटात दुसऱ्या महिन्याच्या सुमारास बोटं सुटी होतात. ही दोन राहिली. कुणाच्या हातून काही घडलेलं नाही."

हे मी मुद्दाम सगळ्यांसमोर सांगते. माझ्या मते उपचार इथूनच सुरू होतो.

मग ऑपरेशनचं बोलणं. दोन सुट्या बोटांना जोडलेल्या बोटांपेक्षा जास्त कातडी लागते, ती जांघेतून घ्यायची. छेद नागमोडी घ्यायचा, कारण सरळ व्रण आकसला की बोट वाकतं. टाके विरघळणारे, म्हणजे काढताना पुन्हा रडारड नाही.

साडेदहा. वाकून अडकलेला अंगठा. तो वाकवणारी स्नायूची दोरी वाटेतल्या पट्ट्याखाली अडकते. काहींचा आपोआप सुटतो, म्हणून थांबायचं. जोर लावून ओढायचा मात्र नाही.

पुढच्याच बाळाला थांबून चालणार नाही. जन्मताना खांदा अडकला, तेव्हापासून हात लुळा. तीन महिने झाले तरी कोपर स्वतःहून वाकत नाही. मज्जातंतूंच्या ऑपरेशनचा काळ थोड्याच महिन्यांचा असतो. त्याच्या आईसमोरच मुंबईला फोन लावते.

दुपारी एक. कातकरीवाडीवरचा पाच वर्षांचा मुलगा. चुलीतल्या निखाऱ्यात हात पडला होता, तळव्याची कातडी आखडून बोटं मुठीत आलीत. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी तारा आणि बारीक सळ्यांची 'जेस' ही हलकी चौकट घडवली. आखडलेले सांधे तिच्याने हळूहळू ताणून मोकळे करता येतात. याचे सांधे अजून मोकळे आहेत, त्यामुळे चौकट नको, कातडी लावली की भागेल. अवघड आहे ते पुढचं. कित्येक महिने रात्री स्प्लिंट बांधून झोपायचं, आणि घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार. भट्टीवर स्प्लिंट सैल झाला, तुटला, तर कोण बघणार? म्हणून ऑपरेशन पावसाच्या तोंडाशी, माणसं वाडीवर परतल्यावर. त्याच्या आईला आजच दुसऱ्याच्या हातावर पट्टी बांधायला शिकवते.

चार. अंगणवाडीताई मुलं घेऊन येतात. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत तपासणी करतात. तिथे लिहिलेली चिठ्ठी घरातच पडून राहू नये, म्हणून ताई स्वतः सोबत येतात.

सहा. ऑपरेशनची यादी लिहिते. सर्वांत लहान बाळ पहिलं. आईचं दूध चार तास आधी बंद करायचं असतं, त्याहून जास्त वेळ त्याला उपाशी ठेवायचं नाही.