साथीतून सुटलेलं व्हायोलिन

पंचवटीत रामनवमी आली की ‘गीतरामायण’ कानावर पडतंच. सुधीर फडक्यांचा आवाज सगळे ओळखतात. त्यांच्या शेकडो प्रयोगांत व्हायोलिनची साथ करणारे प्रभाकर जोग मात्र नावाने कमीच आठवतात.

जोग (१९३२–२०२१) संगीत संयोजक होते, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही वाजवत. ‘लपविलास तू हिरवा चाफा’ची चाल त्यांचीच. पुढे ‘गाणारे व्हायोलिन’ हा कार्यक्रम घेऊन ते एकट्याने मंचावर आले. वाद्यवृंदात सगळे गज एकसाथ चालतात. तिथे वेगळेपण म्हणजे दोषच! एकलवादनात शब्दही वाद्यानेच सांगायचे. व्हायोलिनला पडदे नसतात, म्हणून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, गळ्यासारखी निघते. गज कुठे उलटवायचा, त्यावर अक्षरं कशी उमटतात ते ठरतं.

हे कसब जोगांना गायकांच्या साथीनेच दिलं.