नळीची लांबी आणि लहरीची वेळ

विजेच्या मोटारी आणि लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या यांनी मॉडेल विमानांचे क्षेत्र आता जवळजवळ व्यापले असले, तरी मिथेनॉलवर चालणारी छोटी टू-स्ट्रोक इंजिने जपणारे आणि उडवणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांना भेडसावणारी अडचण बहुधा इंजिनाची नसून त्याला जोडायच्या एका वाकड्या नळीची असते. सिलिंडरच्या निष्कासद्वारातून, म्हणजे जळालेला वायू बाहेर पडण्याच्या खिडकीतून, निघालेला वायू पुढच्या सायलेन्सरपर्यंत किंवा ट्यून्ड पाइपपर्यंत नेणाऱ्या या नळीला हेडर म्हणतात. जपानचे ओएस, इटलीचे सुपर टायगर आणि रॉसी, ऑस्ट्रियाचे वेब्रा अशी जुनी इंजिने आजही चालू स्थितीत हाती लागतात; मात्र स्क्रूंमधील अंतर, द्वाराचा आकार आणि वायू बाजूने बाहेर काढायचा की मागून, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवलेले असल्यामुळे एका इंजिनाचा हेडर दुसऱ्याला क्वचितच बसतो. आणि तो बसला तरी इंजिन त्याच्यासह नीट चालेलच असे नाही, कारण हेडरची लांबी हा इंजिनाच्या वेळापत्रकाचा भाग असतो.

टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. दट्ट्या स्वतःच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे उघडतो आणि मिटतो. खाली जाताना निष्कासद्वार आधी उघडते आणि मग ताज्या मिश्रणाचे द्वार, त्यामुळे वर येताना क्रम अपरिहार्यपणे उलटा होतो : ताज्या मिश्रणाचे द्वार आधी मिटते आणि निष्कासद्वार शेवटी. या मधल्या क्षणी वर सरकणारा दट्ट्या नुकत्याच आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग उघड्या निष्कासद्वारातून बाहेर ढकलून देतो, आणि न जळलेले इंधन वाया जाते. या गळतीवरचा उपाय कोणत्याही हलत्या भागाशिवाय, केवळ नळीच्या आकारातून काढता येतो, ही यंत्रशास्त्रातील अत्यंत देखणी गोष्ट आहे.

निष्कासद्वार उघडताच दाबाची एक लहर हेडरमधून पुढे धावते. ट्यून्ड पाइपचा पहिला भाग क्रमाने रुंदावणारा शंकू असतो, आणि रुंदावत्या मार्गावरून लहर उलट्या चिन्हाने परावर्तित होते, म्हणजे दाबाच्या जागी विरळपणाची लहर मागे येते आणि सिलिंडरमधील उरलासुरला धूर ओढून घेते. पुढे मूळ लहर नळीच्या पोटातून जाऊन निमुळत्या होत जाणाऱ्या दुसऱ्या शंकूवर आदळते आणि या वेळी दाबाचीच लहर म्हणून परतते. फलाटावर उतरू पाहणाऱ्या प्रवाशाला बाहेरच्या गर्दीचा लोंढा पुन्हा डब्यात लोटतो आणि त्याच क्षणी दारे मिटतात, तसे ही परतलेली लहर हेडरमध्ये निसटलेल्या ताज्या मिश्रणाला निष्कासद्वार मिटण्याच्या जरा आधी पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. लोंढा लवकर आला तर मिश्रण पुन्हा बाहेर पडायला अवधी मिळतो, उशिरा आला तर दार मिटलेले असते.

हेडरचे महत्त्व या वेळेत दडलेले आहे आणि ते साध्या गणिताने मोजता येते. मिनिटाला 20,000 फेरे करणाऱ्या इंजिनाला एका फेऱ्यासाठी 3 सहस्रांश सेकंद लागतात, आणि निष्कासद्वार फेऱ्यातील 360 पैकी 160 अंश उघडे राहत असेल, तर उघडे राहण्याचा काळ सुमारे 1.33 सहस्रांश सेकंद होतो. सुमारे 350 अंश सेल्सियस तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 500 मीटर धरला, तर तेवढ्या वेळात लहर 67 सेंटिमीटर धावते. तिला जाऊन परत यायचे असल्यामुळे दट्ट्यापासून परावर्तन होणाऱ्या शंकूच्या मध्यापर्यंतचे अंतर याच्या निम्मे, म्हणजे सुमारे 33 सेंटिमीटर ठेवावे लागते. हेच इंजिन मोठा पंखा लावून 10,000 फेऱ्यांवर चालवायचे असेल, तर अंतर दुप्पट होते. बाजारातून आणलेल्या पाइपचे शंकू ठरलेले असतात, त्यामुळे हे अंतर जुळवण्याची सगळी जबाबदारी हेडरवर येते, आणि वरच्या उदाहरणात हेडर एका सेंटिमीटरने चुकला तर पाइप ज्या गतीला साथ देतो ती गती सुमारे 600 फेऱ्यांनी सरकते.

ही विद्या मॉडेल विमानांकडे मोटारसायकलींच्या शर्यतींतून आली, आणि तिचे श्रेय ज्या माणसाला मिळायला हवे त्याचे नाव यंत्रप्रेमींच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. तो माणूस म्हणजे पूर्व जर्मनीतील चोपाउ येथील एमझेड मोटारसायकल कारखान्याचे अभियंता वाल्टर काडेन (1919–1996). त्यांच्या आधी डीकेडब्ल्यू या मोटारसायकल कंपनीच्या एरिख वोल्फ यांनी फुगीर निष्कासनळ्या वापरल्या होत्या. परंतु ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे वेगाने बदलणारे संकेत पडद्यावर रेखाटणाऱ्या उपकरणाच्या, साहाय्याने नळीतील अनुनाद अभ्यासून नळी, द्वारे आणि इंजिनाची गती यांची एकत्र आखणी काडेन यांनी केली. साधनांचा तुटवडा असलेल्या त्या कारखान्यात 1961 साली त्यांच्या 125 घनसेंटिमीटर इंजिनाने 25 अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे 200 अश्वशक्ती, आणि तीही अतिभरण करणाऱ्या पंपाविना. त्याच वर्षी त्यांचा आघाडीचा चालक एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, काडेन यांचे ज्ञान सुझुकीकडे घेऊन गेला, आणि 1962 मध्ये त्याने सुझुकीसाठी 50 घनसेंटिमीटर गटाचे जगज्जेतेपद जिंकले. पुढे जपानी टू-स्ट्रोक गाड्या जगभर पसरल्या. महाराष्ट्रातील रस्त्यांवर आजही प्रेमाने जपल्या जाणाऱ्या यामाहा आरएक्स 100 च्या सायलेन्सरमध्येही हीच शंकूंची रचना आहे. त्या वंशावळीच्या आरंभी काडेन यांचे नाव असायला हवे, आणि ते वगळून सांगितलेला टू-स्ट्रोकचा इतिहास अपुरा आहे.

मॉडेल विमानांमध्ये ट्यून्ड पाइप रुजवण्याचे श्रेय अमेरिकेच्या बिल विस्नीव्स्की यांना दिले जाते. विमान तारेला बांधून वर्तुळात उडवण्याच्या वेगस्पर्धेत त्यांनी 1966 साली 2.5 घनसेंटिमीटरच्या इंजिनाला असा पाइप लावून जागतिक विजेतेपद मिळवले, आणि त्यानंतर पाइपाशिवाय त्या गटात उतरणे निरर्थक ठरले.

मात्र या यशामुळे पाइप म्हणजे हमखास जादा ताकद असा जो समज विक्रेत्यांच्या जाहिरातींतून पसरतो, तो फसवा आहे. परतणारी लहर एका मर्यादित गतिपट्ट्यातच उपयोगी ठरते आणि त्याच्या बाहेर ती इंजिनाच्या कामात अडथळाही आणू शकते. शिवाय पाइप कामाला लागला की सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण कोंबले जाऊन इंधनाची गरज वाढते, त्यामुळे जमिनीवर अचूक वाटलेली सुई, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू, हवेत अपुरी पडून इंजिन तापू शकते. संथ उडणाऱ्या, सरावाच्या विमानाला साधा सायलेन्सर पुरतो.

ज्यांना पाइपाची खरोखर गरज आहे आणि योग्य हेडर मिळत नाही, त्यांनी तो स्वतः घडवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मऊ पोलादी नळी घेतल्यास ती सपाट पोलादी पट्टीच्या फ्लँजला, म्हणजे इंजिनावर स्क्रूने आवळायच्या बैठकीला, पितळी किंवा चांदीच्या ब्रेझिंगने जोडता येते. शिसे-कथलाचे साधे सोल्डर मात्र 200 अंशांच्या आतच वितळत असल्याने येथे निरुपयोगी आहे. ॲल्युमिनियमची नळी हलकी असते, पण कडक अवस्थेत वाकवल्यास तडकते, म्हणून वाकवण्याआधी ती तापवून मऊ करावी लागते. पुरेसे तापल्याची खूण म्हणून जुने कारागीर नळीवर साबण चोळतात आणि तो काळपटला की ज्योत दूर करतात. वाकवताना नळी चेपू नये म्हणून तिच्यात कोरडी वाळू ठासून भरतात किंवा बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचा सुमारे 70 अंशांना वितळणारा मिश्रधातू ओततात, जो काम झाल्यावर गरम पाण्यात विरघळल्यासारखा बाहेर येतो. अशा मिश्रधातूंपैकी प्रसिद्ध असलेला वुड्स मेटल 1860 मध्ये बार्नबस वुड या अमेरिकी दंतवैद्याने शोधला, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक गमतीची नोंद आहे. परंतु त्यातील शिसे आणि कॅडमियम विषारी असल्याने त्याला थेट ज्योत कधीही दाखवू नये. ज्यांना वाकवणे जमत नाही, ते नळीचे तिरके तुकडे कापून आर्गन वेल्डिंग करणाऱ्याकडून जोडून घेऊ शकतात.

नळीचा आतला छेद निष्कासद्वारापेक्षा किंचित मोठा असावा आणि द्वाराच्या आयताकृतीपासून नळीच्या गोलापर्यंतचा बदल आत पायरी न राहता व्हावा. हेडर आणि पाइप सिलिकॉनच्या नळीने जोडताना त्यांची टोके जवळजवळ टेकलेली ठेवावीत, नाहीतर उष्ण वायू सिलिकॉन जाळतो. पाइपच्या मागच्या टोकाला लवचीक आधार दिला नाही, तर कंपनाचा सगळा भार फ्लँजच्या जोडावर येऊन तो तडकतो.

गणिताने काढलेली लांबी ही केवळ सुरुवात असते, कारण वायूचे खरे तापमान आधी सांगता येत नाही. म्हणून हेडर एक-दीड सेंटिमीटर लांब ठेवून, टॅकोमीटरने फेरे मोजत, एका वेळी 3 मिलिमीटरच कापावेत. वरच्या उदाहरणातील इंजिनासाठी तेवढ्या काटछाटीने पाइपची गती सुमारे 180 फेऱ्यांनी वाढते.