शेजारच्या गच्चीवरचे यंत्र आणि आपली झोप

मार्च उजाडला की खानदेशात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. गवत बदलले जाते, पंप तपासला जातो, आणि आखाजी येईपर्यंत जळगाव-धुळ्यात क्वचितच अशी गल्ली उरते, जिथे रात्री यंत्राची घरघर ऐकू येत नाही. गेल्या काही वर्षांत त्यात एसीच्या बाहेरच्या युनिटांची भर पडली आहे. गच्चीवर, सज्जावर, दोन इमारतींमधल्या बोळात, जिथे जागा मिळेल तिथे ती टांगलेली दिसतात. पारा ४४-४५ अंशांवर गेल्यावर कोणी गारव्याची सोय केली, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. अडचण एवढीच, की गारवा मालकाच्या खोलीत येतो आणि आवाज शेजाऱ्याच्या खोलीत जातो.

एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यात ठरावीक तक्रारी घेऊन रुग्ण येतात. डोके जड आहे, दिवसभर पेंग येते, कामात लक्ष लागत नाही, घरात उगाच चिडचिड होते. काहींचा एरवी ताब्यात असलेला रक्तदाब थोडा वर गेलेला असतो. याची कारणे अनेक असतात. गोळ्या चुकलेल्या असतात, लग्नसराईचे जेवण असते, उन्हातान्हात फिरणे झालेले असते. पण झोपेची नीट चौकशी केली, तर बऱ्याच वेळा उत्तर येते, "झोप लागते हो, पण टिकत नाही. शेजारचे मशीन सुरू झाले की जाग येते." मग पुढची मागणी झोपेच्या गोळीची! ही गोळी सवय लावते. उतारवयात रात्री लघवीला उठताना तिच्यामुळे तोल जाऊन मांडीचे हाड मोडू शकते. आवाज शेजाऱ्याच्या गच्चीवर आणि औषध आपल्या पोटात, हा इलाज मला पटत नाही.

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. आपण झोपलो तरी कान आणि मेंदूचा काही भाग पहाऱ्यावर असतो. आवाज वाढला की पूर्ण जाग आली नाही तरी गाढ झोप उथळ होते, नाडी क्षणभर वाढते, रक्तदाब किंचित चढतो, शरीरात ताण निर्माण करणारी द्रव्ये स्रवतात. "आम्हाला सवय झाली आहे" असे पुष्कळ जण सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. मनाला सवय होते, पण हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ती तितकीशी होत नाही. युरोपातील सहा देशांत विमानतळांजवळ राहणाऱ्या लोकांची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. रात्री विमानांचा आवाज जितका अधिक, तितके उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक, असे तिच्यात आढळले. विमान आणि एसी यांची बरोबरी होत नाही, हे खरे. परंतु झोपेत व्यत्यय आणणाऱ्या आवाजाचा शरीरावर काय परिणाम होतो, याची दिशा त्यातून कळते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. कूलर किंवा एसीच्या आवाजाने बहिरेपणा येत नाही. त्यासाठी याहून बराच मोठा आवाज, रोज कित्येक तास कानावर पडावा लागतो. तसेच सर्वच आवाज सारखे त्रासदायक नसतात. आपल्याच खोलीतल्या कूलरचा एकसुरी आवाज काहींना अंगाईसारखा वाटतो. झोप मोडते ती थांबून थांबून सुरू होणाऱ्या कॉम्प्रेसरने, सैल पत्र्याच्या खडखडाटाने, आणि भिंतीतून येणाऱ्या, कुठून येतो तेच कळू नये अशा घुमणाऱ्या आवाजाने.

आता खरा मुद्दा. ज्याच्याकडे एसी आहे, तो दारे-खिडक्या लावून झोपतो, त्यामुळे स्वतःच्या यंत्राचा आवाज त्याला फारसा कळतही नाही. ज्याच्याकडे एसी नाही, त्याला मात्र खिडकी उघडी ठेवावीच लागते. कूलर असला तरी खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो. शेजारचा आवाज असह्य होऊन अशा माणसाने खिडकी लावली, तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर वरून आग ओकत राहतो. उष्माघाताचा विचार करताना आपण दुपारचे ऊन पाहतो. पण दिवसाचा ताप सोसलेल्या शरीराला सावरायला रात्रीचा गारवा लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांना, हृदयविकार, मधुमेह असणाऱ्यांना व तान्ह्या मुलांना तो मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन जास्त बाधते. म्हणून आपल्या भागात हा प्रश्न नुसत्या कटकटीचा नाही, तो प्रकृतीचा आहे. पूर्वी गच्चीवर अंथरूण टाकून झोपण्याची सोय होती. आता तिथेही चार युनिटे फिरत असतात.

जुन्या धाब्याच्या घरांची आठवण येथे होते. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचे धाबे. वजनदार भिंत ऊन अडवते तसा आवाजही अडवते. आजचा सिमेंटचा स्लॅब हवेतून येणारा आवाज बऱ्यापैकी अडवतो. मात्र त्याच्यावर यंत्र घट्ट बोल्ट करून बसवले, तर तंबोऱ्याचा भोपळा जे काम करतो तेच तो करतो. तार लहान असते, घुमतो भोपळा. म्हणून वरच्या यंत्राचा आवाज कधी कधी गच्चीवर कमी आणि खालच्या झोपायच्या खोलीत जास्त जाणवतो.

थोडा हिशेब पाहू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि हे माप साध्या बेरजेने चालत नाही. सारखी दोन यंत्रे शेजारी लावली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. १० डेसिबल वाढले की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की ६ डेसिबल कमी होतात. समजा, एका युनिटचा आवाज एक मीटरवर ५६ डेसिबल आहे. मग तो दोन मीटरवर ५० आणि चार मीटरवर ४४ होईल. पण जळगावच्या रिंग रोडकडे काय किंवा धुळ्याच्या देवपुरात काय, जिथे जिथे दोन घरांमध्ये हातभर बोळ आहे, तिथे हे गणित बिघडते. आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटत राहतो, ओसरायला त्याला वाव मिळत नाही.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात ती ५० व ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९९ मध्येच झोपायच्या खोलीत ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा असे सुचवले होते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या यंत्रांसाठीही पर्यावरण नियमांत मर्यादा आहेत, कूलरला ६० आणि दीड टनापर्यंतच्या खिडकीतल्या एसीला ६८ डेसिबल. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये जोडलेल्या पत्र्याच्या कूलरचे मोजमाप कोण करणार, हा प्रश्न वेगळा!

मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली आवाजाबाबत महत्त्वाचा निकाल दिला. त्यातले एक याचिकाकर्ते ठाण्याचे डॉक्टर महेश बेडेकर होते. त्यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने नागपूरच्या 'नीरी' संस्थेकडून राज्यातील २७ महापालिका शहरांतील आवाजाची मोजणी करून घेतली, त्यात जळगाव व धुळेही होते. चर्चा मात्र होते ती लाऊडस्पीकरची, डीजेची आणि फटाक्यांची. ते वर्षातले मोजके दिवस. कूलर-एसीची घरघर चार महिने रोज रात्री चालते, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

आता उपाय. यांतला बराचसा भाग फुकट किंवा अल्प खर्चाचा आहे.

कूलरचा आवाज मुख्यतः पंख्याचा असतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने पात्यांवर क्षार बसतात, त्यावर धूळ बसते, पाते एका बाजूला जड होते आणि सगळा पत्रा थरथरू लागतो. हंगामाच्या सुरुवातीला पाती घासून घ्यावीत, बुशला तेल द्यावे, स्क्रू आवळावेत. पंप टाकीच्या तळाला टेकून गुणगुणत असेल तर खाली स्पंजचा तुकडा ठेवावा. सगळ्यात मोठा फायदा वेग कमी करण्यात आहे. पंख्याचा वेग निम्मा केला, तर वाराही साधारण निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला तो एकतृतीयांशच वाटतो. तेव्हा छोटा कूलर जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा मोठा कूलर सावकाश चालवलेला बरा. रात्री अकरानंतर हवा उतरल्यावर पहिल्या नंबरवर ठेवला तरी पुरतो.

कूलर खिडकीच्या गजांना तारेने आवळून बांधण्याची पद्धत वाईट. त्याला स्वतःचे स्टँड द्यावे, पायांखाली किंचित दबेल असे रबर घालावे, आणि कूलर व चौकट यांच्या मध्ये स्पंजची पट्टी ठेवावी. येथे एक सावधगिरी. रबर घातले म्हणून शॉकपासून संरक्षण मिळते असे समजू नये. अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून पाहून घ्यावेच, आणि कूलरला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसून माणसे दगावतात.

एसीच्या बाबतीत जागा ठरवतानाच विचार करावा. बसवणारा कारागीर पाइप कमी लागेल अशी जागा सुचवतो, कारण त्याला लवकर मोकळे व्हायचे असते. युनिटच्या पंख्याचे तोंड रस्त्याकडे किंवा मोकळ्या बाजूला असावे, शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. अरुंद बोळ टाळावा. गच्चीवर ठेवायचे तर स्लॅबच्या मधोमध न ठेवता बीमच्या किंवा भिंतीच्या डोक्यावर, रबरी पॅडवर ठेवावे. भिंतीतून जाणारे पाइप विटांना घासणार नाहीत, अशी मऊ गुंडाळी त्यांना असावी. जागा बदलता येत नसेल तर युनिट आणि शेजाऱ्याची खिडकी यांच्या मध्ये, युनिटहून उंच, विटांची आडभिंत बांधावी. खिडकीतून युनिट दिसेनासे झाले पाहिजे, ही सोपी खूण. मात्र हवा खेळायला जागा सोडावी. युनिट चारी बाजूंनी कोंडले तर ते तापते, अधिक जोर करते, आवाज आणि वीजबिल दोन्ही वाढतात. हिरवी जाळी किंवा कुंड्यांची रांग दिसायला छान, आवाजाला तिचा काही उपयोग नाही. नवे यंत्र घ्यायचे असल्यास इन्व्हर्टर पद्धतीचे घ्यावे, ते वारंवार बंद-चालू होत नाही. गच्चीला पांढरा चुना मारला तर स्लॅब कमी तापतो आणि यंत्रालाही कमी धावावे लागते. (हिवाळ्यात पाणी तापवणारा सोलर बिचारा आवाजच करत नाही, केला तर त्याचा प्रेशर पंप करतो.)

मंगल कार्यालयांचे मोठे डक्ट कूलर, मॉलचे कूलिंग टॉवर, केळी पिकवण्याच्या चेंबरचे कॉम्प्रेसर यांना मात्र घरगुती उपाय पुरत नाहीत. तिथे स्प्रिंगची बैठक, यंत्र व डक्ट यांना जोडणारी कॅनव्हासची बाही आणि डक्टच्या आत आवाज शोषणारे अस्तर लागते, आणि ते इंजिनिअरकडूनच करून घ्यावे. आम्हा डॉक्टर मंडळींच्या रुग्णालयांच्या गच्च्याही या यादीत येतात. खाली 'शांतता राखा' अशी पाटी आणि वर आठ युनिटांची रांग, हे चित्र बरे दिसत नाही.

अशा उपायांनी खरेच फरक पडतो का? न्यूयॉर्कमधल्या एका शाळेशेजारून उंचावरची रेल्वे जात असे. १९७५ साली आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले, की रुळांकडच्या वर्गातली मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे आहेत. पुढे रुळांखाली रबरी पॅड घातले गेले, वर्गांना आवाज शोषणारी छते बसली, आणि काही वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली होती. दहावी-बारावीच्या परीक्षा कूलरच्या तोंडावरच येतात, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

तक्रार करायची झाल्यास आधी शेजाऱ्याला घरी बोलवावे. भांडायला नव्हे, रात्री अकरा वाजता आपल्या झोपायच्या खोलीत दहा मिनिटे बसायला. आपले यंत्र पलीकडे कसे ऐकू येते, हे बहुतेकांनी कधी ऐकलेलेच नसते. मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अॅपचा आकडा कायद्यात ग्राह्य नसला, तरी पॅड घालण्याआधी व नंतर किती फरक पडला, हे पाहायला तो पुरतो. नियमांप्रमाणे आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक असेल तर जिल्हाधिकारी अथवा पोलीस उपअधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांपैकी ज्यांना अधिकार दिले आहेत, त्यांच्याकडे तक्रार करता येते. सार्वजनिक उपद्रव असल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (पूर्वीचे १३३) कार्यकारी दंडाधिकारी तो दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. पण एका युनिटचा आवाज पुष्कळदा मर्यादेच्या थोडाच वर असतो, दहा डेसिबलची पायरी तो गाठत नाही. त्यामुळे कायद्यापेक्षा चहाचा कप लवकर काम करतो, असा माझा अनुभव आहे.

आणि एक तपासणी स्वतःची. शेजारचे यंत्र बंद असताना, घराचा मेन स्विच पाडल्यावरही कानात गुणगुण चालूच राहत असेल, तर तो आवाज बाहेरचा नाही. कानात साचलेला मळ, वयोमानाने कमी झालेले ऐकू येणे, वाढलेला रक्तदाब किंवा काही औषधे यांनी असे होते. तो एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा सोबत चक्कर असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नये. ऐकू येणे अचानक कमी झाले असेल तर त्याच दिवशी दाखवावे.