नसलेल्याची नोंद

16 नोव्हेंबर 2019, शनिवार. मराठवाड्यात सोयाबीनच्या गंज्या भिजून काळ्या पडल्या होत्या. गंजीत हात घातला की आतून गरम वाफ लागायची, आणि शेंग सोलावी तर दाण्याला पांढरा, बोटाच्या पेराएवढा कोंब. पीक कापून झालं होतं, गंज लावून झाली होती, मळणी तेवढी राहिली होती, आणि नेमका तेव्हा पाऊस आला. कापसाची बोंडं झाडावरच सडली. जालना जिल्ह्यातल्या मंठ्यासारख्या सोयाबीन-कापसाच्या मुलखात शेतकऱ्याचं वर्ष या दोन पिकांवर उभं असतं.

त्या दिवशी मदतीची घोषणा झाली. खरिपाच्या पिकांना हेक्टरी 8,000 रुपये, फळबागा आणि बहुवार्षिक पिकांना हेक्टरी 18,000, दोन हेक्टरच्या मर्यादेत. सोबत जमीन महसुलात सूट आणि नुकसानग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांना परीक्षा शुल्काची माफी. घोषणा केली ती राज्यपालांनी, भगतसिंह कोश्यारी यांनी, मुंबईतल्या राजभवनातून. कारण त्या दिवशी महाराष्ट्राला कारभार पाहणारा मुख्यमंत्रीच नव्हता. विधानसभेचा निकाल 24 ऑक्टोबरला लागला होता, सरकार काही बनत नव्हतं, आणि 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली होती. एरवी पिकाच्या मदतीची घोषणा मुख्यमंत्री करतात. या वेळी मात्र चारशे किलोमीटरांहून लांब, समुद्राच्या काठावर बसलेल्या राज्यपालांच्या सहीने सोयाबीनच्या मदतीचा दर ठरला होता.

मला त्या घोषणेचं नवल आजही वाटतं. रकमेवर तेव्हा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. हेक्टरी आठ हजार म्हणजे एकरी सव्वातीन हजारांच्याही आत, बी-खत-फवारणीचा हिशोब मांडला तर हाती काय उरतं ते शेतकऱ्यालाच ठाऊक. पण ज्या पदाकडे आपण फक्त शपथविधीपुरतं बघतो, ते पद राष्ट्रपती राजवटीच्या त्या अकरा दिवसांत थेट बांधावर आलं. ते बांधापर्यंत पोचलं कसं?

त्यासाठी खालून सुरुवात करावी लागते. राज्यपालांनी 8,000 म्हटलं, तरी हा आकडा कुणाच्या खात्यात जाणार ते तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक या तिघांच्या कागदावर ठरतं. तिघं शेतात जातात, पाहणी करतात, पंचनामा होतो. पिकाचं 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं असेल तरच शेत मदतीला पात्र. कुणाच्या शेतात पाणी अजून तुंबलेलं, कुणी सोयाबीन तसंच काढून घेतलेलं, तर कुणाचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर. हे सगळं एका तक्त्यात बसवायचं. गावाचा तक्ता तहसीलला, तालुक्याचा जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून विभागीय आयुक्तांकडे आणि मग मुंबईला. प्रत्येक पायरीवर शेतकऱ्याचं नाव मागे राहतं आणि हेक्टर पुढे जातात.

पावसाचंही तसंच. एका महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. 65 मिलिमीटर म्हणजे किती? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात साधारण 4,047 चौरस मीटर. म्हणजे एका दिवसात एका एकरावर 2 लाख 63 हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सव्वीस टँकर, तेही एका एकरावर! उन्हाळ्यात ज्या गावाला एका टँकरसाठी रांग लावावी लागते, त्याच गावच्या एकेका एकरावर आभाळ असं रिकामं होतं. आणि हे मोजणारं यंत्र केवढं? स्वयंचलित हवामान केंद्राच्या खांबावर एक नरसाळं असतं आणि त्याच्या खाली तराजूसारखी डुलणारी चमच्याएवढी दोन पात्रं. एक भरलं की ते कलंडतं, पाणी सांडतं आणि दुसरं नरसाळ्याखाली येतं. प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. रात्रभर शेत वाहून जात असतं आणि खांबावर ते चिमुकलं पात्र टिकटिक करत कलंडत राहतं. तालुक्याचं, जिल्ह्याचं, राज्याचं संकट मोजायची सुरुवात तिथे होते.

आता वरचं टोक, राज्यपालांचं. एरवी, राज्यात सरकार असताना, राज्यपाल वर्षातून एकदा मोठं बोलतात. घटनेच्या 176 व्या कलमानुसार दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी, आणि विधानसभा निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनातही, राज्यपाल दोन्ही सभागृहांसमोर अभिभाषण करतात. धोरण, विकास, आपत्ती, सगळं त्यात येतं. दुष्काळ कुठे पडला, मदत किती वाटली, रस्ते किती झाले, गुंतवणूक किती आली. वाक्यं सुरू होतात 'माझे शासन' या शब्दांनी. पण भाषण लिहितं मंत्रिमंडळ, राज्यपाल वाचतात. ही प्रथा ब्रिटिश संसदेतल्या राजाच्या भाषणावरून आली. राजाही 'माझं सरकार' म्हणतो आणि मजकूर मंत्रिमंडळाचा असतो.

हे भाषण मराठी माणसाच्या कानापर्यंत पोचणंसुद्धा गृहीत धरता येत नाही. 26 फेब्रुवारी 2018 ला राज्यपाल सी. विद्यासागर राव यांचं अभिभाषण सुरू झालं आणि आमदारांच्या कानातल्या यंत्रात मराठी अनुवाद येईना. गोंधळ वाढला. शेवटी शिक्षणमंत्री विनोद तावडे उठून अनुवादकाच्या खोलीत गेले आणि स्वतः मराठीत वाचू लागले. मुख्यमंत्र्यांना सभागृहाची क्षमा मागावी लागली. दुसऱ्याच दिवशी मराठी भाषा गौरव दिन होता. राज्याच्या विधानभवनात राज्याच्या भाषेसाठी मंत्र्याला धावावं लागलं, हे मला अजून खुपतं. आणि तरीही, मंत्री उठून धावला, हेही मी विसरत नाही.

आता ज्या गोष्टीपायी हे लिहायला बसलो ती. भारताच्या राज्यघटनेत 'मराठवाडा' हा शब्द आहे. नकाशात, गॅझेटात किंवा भाषणात नव्हे, खुद्द घटनेत. 371 व्या कलमाच्या दुसऱ्या खंडात. 1956 साली, हैदराबाद राज्यातून सुटलेला मराठवाडा जेव्हा मुंबई राज्यात आला, तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने तो शब्द तिथे बसला. तिथे म्हटलेलं आहे की राष्ट्रपती महाराष्ट्राच्या राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतील. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं, विकासखर्चाचं न्याय्य वाटप, तांत्रिक शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी. मंडळांच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेसमोर ठेवायचा.

हा खंड पुन्हा वाचा. मराठवाड्याला नाव आहे, विदर्भाला नाव आहे. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, कोकण, ही सगळी बलदंड मंडळी मात्र तिथे बिननावाची आहेत, 'उर्वरित'! एरवी प्रत्येक यादीत आपण शेवटी असतो. या एका ओळीत मंठ्याचा मुलूख नावानिशी आहे आणि राजधानी 'बाकीच्या'त. ज्यांनी हे लिहिलं त्यांना ठाऊक होतं की बहुमताच्या सभागृहात मागास भागाचा आवाज मोजणीत हरतो. म्हणून मोजणीच्या बाहेर बसलेल्या माणसाला, राज्यपालांना, राखणीला बसवलं.

राखणदार बसायला मात्र फार वर्षं गेली. मराठवाड्याचे नेते गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने वैधानिक विकास मंडळाचा धोशा लावून धरला. विधिमंडळाने 1984 मध्ये ठराव केला, राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो 9 मार्च 1994 ला. कलम आल्यापासून अडतीस वर्षांनी. राज्यपाल होते पी. सी. अलेक्झांडर.

आणि या राखणदाराच्या हाती जो मापदंड आला, तो माझ्या मते महाराष्ट्राने जगाला दाखवावी अशी चीज आहे. 1983 साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली गेली. प्रश्न असा: मागासलेपण मोजायचं कसं? रस्ता असेल तर किलोमीटर मोजता येतो. नसलेला रस्ता कसा मोजायचा? दांडेकरांनी वाट काढली. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा एकेका विषयात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती काम लागेल ते मोजायचं, आणि त्या कामाला किती पैसे लागतील तेही. तो आकडा म्हणजे अनुशेष. नसलेली विहीर, नसलेली वर्गखोली, नसलेला पूल, यांची रुपयांत किंमत.

समितीने 1984 मध्ये सांगितलेला राज्याचा एकूण अनुशेष होता 3,186.78 कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा 750.85 कोटी. पुढे 1994 ची पातळी धरून निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजलं, तेव्हा एकूण 14,006.77 कोटी आणि मराठवाड्याचा 4,004.55 कोटी. किमती वाढल्या हे एक कारण. दुसरं असं की सरासरी जागेवर थांबत नाही. मंठ्याचा रस्ता सरासरीकडे धावतो तेव्हा पुढारलेल्या जिल्ह्यांचे रस्तेही धावत असतात आणि सरासरीला पुढे ओढत असतात. पाठलाग हलत्या खुणेचा आहे. या आकड्यांवर राज्यपाल निर्देश देऊ लागले, की यंदाच्या निधीतून सिंचनाचा इतका वाटा या विभागाला द्या. अभिभाषणात राज्यपाल सरकारचे शब्द वाचतात. या निर्देशांत ते स्वतः बोलत. माझ्या लेखी महाराष्ट्राच्या राज्यपालांचं खरं जाहीर बोलणं हे, आणि ते वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर फार क्वचित आलं.

मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. मुदत मंडळांची संपली होती, कलमाची नव्हे. ते कायम आहे.

अभिभाषण झालं की विधिमंडळात त्यावर आभारप्रदर्शनाचा ठराव येतो. बाहेरून ही निव्वळ औपचारिकता वाटते. पण या ठरावाला सदस्य दुरुस्ती सुचवू शकतात, आणि त्या दुरुस्तीचा साचा ठरलेला आहे: अमुक गोष्टीचा अभिभाषणात उल्लेख नाही याबद्दल खेद वाटतो. म्हणजे भाषणात जे नाही, तेही सभागृहाच्या कामकाजात छापलं जातं. ज्यात मंठा येतो त्या परतूर मतदारसंघाचा आमदार उभा राहून त्या रिकाम्या जागी तळणी गावच्या बंधाऱ्याचं, आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या पदाचं, भिजलेल्या सोयाबीनच्या न मिळालेल्या पैशांचं नाव घालू शकतो. बहुमत ती दुरुस्ती बहुतेक फेटाळतं. नोंद राहते.