वय वाढले म्हणून दाब वाढायलाच हवा का?

वयात शंभर मिळवा, तेवढा वरचा रक्तदाब चालतो, हा हिशेब अजूनही घराघरांत ऐकू येतो. विज्ञानाला तो मान्य नाही. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ पाहणीत त्यांचा सरासरी दाब ९६/६१ च्या आसपास भरला आणि वयाबरोबर तो चढतही नव्हता.

मग आपला का चढतो? महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन हे लवचीक प्रथिन असते. त्याचा साठा बहुतांशी लहानपणीच तयार होतो. ठोक्यागणिक ताण सोसून ते झिजते, तुटते. भिंतीत ताठर कोलॅजन वाढते आणि रक्तातली साखर त्याचे धागे एकमेकांना जखडून टाकते. धमनीला सैल करणारा नायट्रिक ऑक्साइडही उतारवयात कमी पडतो. त्याच्या या कामाचा शोध लावणाऱ्यांना १९९८ चे नोबेल मिळाले. धमनी ताठरली की वरचा आकडा चढतो, खालचा मात्र बरेचदा उतरतो. जास्त जोर लावून लावून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते.

त्यात मिठाची भर. वसईला मिठागरांचा शेजार जुना. पाचूबंदर, अर्नाळ्याला वलांडीवर उन्हात वाळणाऱ्या बोंबलाला मीठ लागत नाही. खारवलेल्या मासळीला मात्र भरपूर लागते. जादा मीठ बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची ताकद वयाबरोबर घटते. तिथे ‘एनसीसी’ नावाचे प्रथिन मीठ परत रक्तात ओढते. रक्तात पोटॅशियम कमी असले की त्याला जोर चढतो. पुरेसे असले की ते थंडावते आणि मीठ लघवीवाटे निघून जाते. हे पोटॅशियम वसईच्या वाड्यांतल्या केळ्यांत आणि पालेभाज्यांत आहे. राजेळीच्या सुकेळीतही आहे, पण मधुमेह्यांनी तिच्यातली साखर विसरू नये.

चीनमधल्या ६०० गावांत झालेल्या चाचणीत मिठातला चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचा ठेवला. पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल, तर असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. अशा शरीरात पोटॅशियम साचते आणि हृदयाचा ठेकाच बिघडू शकतो.